टाइल्सच्या फरशीसाठी व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा?

उंबरा
नमस्कार मंडळी. घरभर टाइल्स आहेत, गालिचा एकही नाही. आजवर झाडू आणि पुसणं यावर निभावलं. पण चार महिन्यांपूर्वी घरात एक मांजर आलं (आम्ही आणलं नाही, ते आलं आणि राहिलं). त्याचे केस झाडूला दाद देत नाहीत. झाडू फिरवला की उठतात, तरंगतात आणि मी सुपली टेकवेपर्यंत पुन्हा माझ्याच मागे जाऊन बसतात.

दुसरी कटकट सांध्यांची. दोन टाइल्समधल्या फटीत बारीक माती बसते. झाडूने निघत नाही, आणि पुसलं की तिचा चिखल होऊन आणखी घट्ट बसते. पांढरे सांधे आता चहाच्या रंगाचे झालेत.

म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं घाटतंय. बघायला गेलो तर एक म्हणतो १२०० वॉट, दुसरा म्हणतो २००० वॉटच्या खाली बघूच नका. काठीसारखा उभा घ्यावा, चाकांवर मागे ओढायचा घ्यावा की रोबो? आणि टाइल्सवर ओरखडे उठतात का? ज्यांच्याकडे नुसत्या टाइल्स आहेत त्यांनी अनुभव लिहा. बजेटचं नंतर बघू.

पोटमाळा
झाडू घ्या.

उंबरा
पोटमाळा, झाडू आहेच हो. वर तोच रडतोय मी.

विजेचा_मिस्त्री
आधी वॉटचं भूत उतरवू. खोक्यावरचे वॉट म्हणजे ते यंत्र किती वीज खातं त्याचा आकडा. त्याची खेच किती, हे त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटच्या वरचे आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणायलाच बंदी केली. कंपन्यांनी मोटर, पंखा आणि हवेची वाट सुधारली आणि कमी विजेत काम भागवलं.

बघायच्या गोष्टी दोन. एक खेच, ती पास्कलमध्ये देतात. दुसरी हवेचा प्रवाह, म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा आत जाते. दोन्ही मिळून एअर वॉट होतात, तो आकडा दिला असेल तर त्यावर तुलना करा. नुसत्या पास्कलवर भाळू नका. नळीच्या तोंडावर तळवा दाबून धरा, खेच सगळ्यात जास्त तेव्हाच असते आणि हवा मात्र शून्य वाहते. कचरा वाहून नेते ती हवा.

टाइल्सवर तर धूळ नुसती वर पडलेली असते, तिला धरून ठेवायला धागे नाहीत. त्यामुळे गालिच्याला लागते तेवढी खेच इथे लागतच नाही. इथे सगळा खेळ तोंडाचा आहे, म्हणजे जमिनीला टेकतं त्या ब्रशचा.

खिडकीतली
मिस्त्रीदादा, हे तीन वर्षांपूर्वी का नाही लिहिलंत! मी मोठ्या हौसेने काठीवाला घेतला. खाली फिरता ब्रश, ताठ केसांचा. पहिल्याच दिवशी ओट्यावरून मीठ सांडलं. म्हटलं, चला उद्घाटन करू. चालू केला, ब्रश मिठाला टेकला आणि पुढच्या क्षणी मीठ टपटप करत टेबलाखालून थेट समोरच्या भिंतीला. काही दाणे माझ्या नडगीवर, चक्क टोचले. दीड मीटरचा पसारा होता तो पूर्ण खोलीभर केला.

वर्षभर वाटत होतं यंत्रच बिघडलंय. मग एकदा माहितीपुस्तिका नीट वाचली. फिरता ब्रश बंद करायचं बटण हँडलवरच होतं. ताठ केसांचा ब्रश गालिच्याच्या धाग्यांत शिरून कचरा उपटायला असतो. टाइलवर तो दाणे उडवतो, बाकी काही नाही.

ढापण्या
म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नव्हे, पेरणीयंत्र. हलके घ्या.

कोनाडा
खिडकीतली +१. उंबरा, माझा सल्ला एकच, जे यंत्र घ्याल ते आधी उलटं करून बघा. सगळेजण डबा केवढा, रंग कोणता, दिवे किती हे बघतात. तोंड खालून कुणी बघत नाही.

चाकांवरच्या यंत्राबरोबर बहुतेक वेळा पायाने दाबायचा खटका असलेलं तोंड येतं. खटका एका बाजूला दाबला की आखूड केसांची कडा खाली उतरते, ती कडक फरशीसाठी. दुसरीकडे दाबला की केस वर जातात, ते गालिच्यासाठी. यावरही काम चालतं. पण कडक फरशीचं वेगळं, रुंद, मऊ केसांचं तोंड मिळतं ते जास्त चांगलं. आणि काठीवाला घेणार असाल तर लोकरीच्या गुंडाळीसारखा मऊ रोलर आहे का बघा. तो दाणे उडवत नाही, कुशीत घेतो.

आता बारकावा. तोंडाच्या पुढच्या कडेला केसांची सलग भिंत आहे की मधे मधे फटी आहेत? सलग असेल तर बारीक धूळ आत जाते, पण बिस्किटाचा मोठा तुकडा बुलडोझरने ढकलावा तसा पुढे पुढे ढकलला जातो. मग तुम्ही तोंड उचलून त्याच्यावर ठेवता. दिवसातून वीस वेळा. मी ठेवलंय म्हणून सांगतोय.

निवांत७
ओरखड्यांबद्दल. दोष बहुतेक वेळा ब्रशचा नसतो, वाळूचा असतो. वाळूत क्वार्ट्झ असतं, मोहसच्या कठीणपणाच्या मापावर ते ७. संगमरवर ३ च्या आसपास. म्हणजे संगमरवरावर वाळूचा एक कण चाकाखाली सापडला की ओरखडा उठणारच. चांगल्या भाजलेल्या पोर्सेलिनच्या टाइल्स बऱ्याच टणक असतात, त्यांना एवढी भीती नाही, पण चकचकीत झिलईची चमक वर्षानुवर्षं वाळू घासून मंदावते.

चाकं कडक प्लॅस्टिकची नकोत, रबराचं आवरण असलेली बघा. आणि महिन्यातून एकदा चाकांत आणि केसांत अडकलेले खडे टाचणीने काढा. माझ्या चाकात एकदा स्टेपलरची पिन रुतली होती. काय आवाज येतोय म्हणून दोन दिवस मी मोटरला कान लावत होतो.

सहज_सुचलं
रोबो घ्या हो, आयुष्य बदलतं. टाइल्स, गालिचा नाही, म्हणजे रोबोसाठी मोकळं मैदान. आमचा रोज दुपारी फिरतो, संध्याकाळी पाय ठेवला की तळव्याला कण लागत नाही.

पण एक फजिती सांगते. आमच्या व्हरांड्यात बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या पांढऱ्या टाइल्स आहेत. हा पठ्ठ्या काळ्या टाइलच्या कडेला येऊन थबकायचा, मागे सरायचा, वळायचा. आठवडाभर मला वाटलं त्याची काही श्रद्धा आहे. मग कळलं, त्याच्या पोटाखाली जिन्यावरून पडू नये म्हणून इन्फ्रारेड सेन्सर असतात. खाली किरण सोडायचे, परत आले तर जमीन आहे, नाही आले तर खड्डा. गडद काळी टाइल किरण शोषून घेते, त्याला वाटतं पुढे दरी! काही मॉडेल्सना हा त्रास होतो, काहींना नाही. काळी टाइल असेल तर आधी विचारून घ्या. सेन्सरवर चिकटपट्टी लावायचा उपाय लोक सांगतात, घरात जिना असेल तर तो करू नका, रोबो खरंच उडी मारेल.

खिडकीतली
आणि मांजर? मांजर काय करतं त्याचं?

सहज_सुचलं
मांजर त्यावर बसून फिरतं. पण खरी गंमत वेगळीच. एके दुपारी मांजराला उलटी झाली, घरात कुणी नव्हतं आणि रोबोची वेळ झाली. त्याने ती उलटी कुठलाही पक्षपात न करता तीन खोल्यांत समान वाटली. नकाशा काढून, रेघेत, सांध्यासांध्यांतून. पुढचं लिहीत नाही.

ढापण्या
उंबरा, तुमच्या सांध्यांचा चहाचा रंग एकदम सात्त्विक वाटायला लागला.

पोटमाळा
झाडूने हे कधी केलं नसतं.

टाचणी_टोक
एक मुद्दा कुणीच काढला नाही. यंत्र जेवढी हवा आत घेतं तेवढीच बाहेर टाकतं. ती कुठून टाकतं? माझ्या चाकांच्या यंत्राची बाहेर पडणारी हवा बाजूने, जमिनीलगत येते. गालिच्यावर ते लक्षात येत नाही, टाइलवर लगेच येतं. मी इकडे तोंड फिरवतेय आणि माझ्या मागे यंत्र केसांचे पुंजके सोफ्याखाली फुंकतंय. चालू करून यंत्राच्या चारही बाजूंना जमिनीजवळ हात धरून बघा. हवा वर जाणारी हवी. आणि केर काढायला दाराकडून आत जाण्यापेक्षा आतल्या कोपऱ्यापासून सुरू करून दाराकडे या, म्हणजे मागे राहिलेलं यंत्र न साफ केलेल्या भागात फुंकणार नाही.

विजेचा_मिस्त्री
उत्तम मुद्दा. पण टाचणीताई, शेवटचं वाक्य तपासा. आतून दाराकडे येताना मागे ओढलेलं यंत्र कुठे असतं?

टाचणी_टोक
अरे हो! तोंड दाराकडे असलं तर यंत्र मागे, साफ केलेल्या भागात. आणि पाठमोरं चाललं तर उलट, न साफ केलेल्या भागात. मी स्वतः पाठमोरी चालते, लिहिताना विसरले. दादा, तुमच्यापासून काही सुटत नाही.

ग्रंथकीटक
अवांतर आहे, पण फुंकण्यावरून आठवलं. सुरुवातीची काही यंत्रं धूळ फुंकूनच उडवायची. १९०१ मध्ये लंडनला असं एक यंत्र बघून ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावलं आणि हवा ओढली. धुळीने ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला. कल्पना पक्की झाली. त्याचं यंत्र एवढं अजस्र होतं की ते घोडागाडीवर असायचं. गाडी रस्त्यात उभी आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात.

एकट्याने घरात फिरवता येईल अशा विजेच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत १९०८ साली जेम्स मरे स्पँगलरने घेतलं. तो एका दुकानाचा सफाई कामगार, दम्याचा रुग्ण. झाडताना उडणारी धूळ त्याला सोसायची नाही. म्हणून त्याने पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून यंत्र बनवलं. पेटंट पुढे हूव्हर कुटुंबाने विकत घेतलं.

पोटमाळा
झाडूचा दांडा. नोंद घ्यावी.

ढापण्या
खुर्चीला तोंड लावून धूळ ओढणारा माणूस आज असता तर आपण त्याचा व्हिडिओ काढला असता.

रिकामी_दुपार
स्पँगलर माझा माणूस. मलाही झाडल्यावर शिंकांची माळ लागते. म्हणून मी फिल्टर बघून घेतला. एच १३ दर्जाचा हेपा फिल्टर त्याला सगळ्यात चकवणाऱ्या आकाराचे कणसुद्धा किमान ९९.९५ टक्के अडवतो. पण नुसतं "हेपासारखा" लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी डब्याच्या झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर धूळ तिथूनच येणार.

मी पिशवीवालं घेतलं त्याचंही हेच कारण. बिनपिशवीचा डबा रिकामा करताना जो ढग उठतो, तो माझ्याच नाकात जातो. मग एवढा फिल्टर कशाला घेतला? पिशव्या विकत घ्याव्या लागतात हे खरं, आधी त्या मिळतात का ते बघून मगच यंत्र घ्या.

कोनाडा
पिशवीवर असहमत. मांजराचे केस म्हटल्यावर पिशवी भराभर भरणार. डबा गॅलरीत नेऊन मोठ्या कागदी पिशवीत उपडा केला की ढग उठत नाही. फिल्टर धुतलात तर पूर्ण चोवीस तास वाळू द्या. मी एकदा घाईत ओलसरच बसवला, घरभर भिजलेल्या कुत्र्याचा वास. आमच्याकडे कुत्रा नाही.

निवांत७
बिनवायरच्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. खोक्यावर "६० मिनिटं" लिहिलेलं असतं ते सगळ्यात कमी वेगावर, बहुतेक वेळा फिरता ब्रश न लावता. जोरात चालवला तर तोच दहा मिनिटांत मान टाकतो. पण मिस्त्रींनी वर लिहिलंय तसं टाइल्सला कमी वेगच पुरतो. त्यामुळे गालिचावाले बिनवायरच्या यंत्राला शिव्या देतात तेवढं आपलं कारण नाही. बॅटरी काढून बदलता येते का, एवढं मात्र बघाच. बॅटरी काही वर्षांनी थकणारच, आणि ती आत बंद असेल तर तिच्यापायी सगळं यंत्र जातं.

फेसाळ
ओली पुसणारी यंत्रंही आहेत की! पाणी सोडतं, रोलर घासतो, घाण पाणी परत ओढतं. मी खूश आहे, दोन अटींवर. घाण पाण्याची टाकी त्याच दिवशी धुवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी झाकण उघडवत नाही. आणि भिंतीलगत बोटभर पट्टी सुटते, ती हाताने पुसायची. केस पाण्यात भिजून गोळा होतात, रोलरला गुंडाळतात, तेही ओढून काढावे लागतात.

उंबरा
बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. पण माझे सांधे राहिलेच.

जुना_गवंडी
सांध्यांचं मी सांगतो. तीस वर्षं लाद्या बसवल्या. सांध्यात भरतात तो सिमेंटचा मसाला सच्छिद्र असतो, पाणी पितो. तुम्ही धूळ न काढता ओलं फडकं फिरवता, धुळीचं पाणी होतं, ते सांधा पितो. पाणी उडून जातं, माती आत राहते. चहाचा रंग त्याचाच. हे आत गेलेलं कुठलंही यंत्र ओढून काढणार नाही, किती का वॉटचं असेना.

यंत्राचा उपयोग पुढचं थांबवायला. आधी कोरडं, मग ओलं. आधी सगळी सुटी धूळ ओढून घ्या, मगच पाणी लावा. आठवड्यातून एकदा नळीला अरुंद चपटं तोंड लावून सांध्यासांध्यातून फिरवा. जुन्या टूथब्रशने कोरडंच आधी खरवडा, दुसऱ्या हाताने नळी मागोमाग. आणि तोंड फरशीला गच्च दाबू नका. गच्च चिकटलं की हवा आत यायला वाटच उरत नाही, मग धूळ काय चालत येणार? हँडलवर सरकती खिडकी असते ती थोडी उघडा.

जुना रंग काढायला सौम्य साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि ते पाणी सांध्यात सुकू द्यायचं नाही, लगेच टिपायचं. व्हिनेगर, ॲसिड असलं काही नको. भाजलेल्या टाइलला सहसा काही होणार नाही, पण सिमेंट खातं ते. सांधा पोकळ होतो आणि मग आणखी माती धरतो. साफ झाल्यावर, पूर्ण वाळल्यावर सीलर, म्हणजे सांध्याला पाणी पिऊ न देणारा लेप, मारून घ्या. सिमेंटऐवजी इपॉक्सीचा (रेझिनचा) मसाला भरलेला असेल तर ती भानगड नाही, तो पाणी पीत नाही.

खिडकीतली
गवंडीकाका, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतेय.

कोनाडा
काकांच्या टूथब्रश पद्धतीला जोडून: साबणाचं पाणी टिपायला साधा व्हॅक्यूम वापरू नका!! मी वापरला. दोन सेकंद छान ओढलं, मग आवाज बदलला, मग जळका वास, मग शांतता. ओलं ओढायचं असेल तर ओल्या-सुक्याचं वेगळं यंत्र लागतं. त्यात टाकी भरली की तरंगणारा गोळा वर येऊन हवेची वाट बंद करतो, पाणी मोटरपर्यंत जात नाही. साध्यात असं काही नसतं.

ढापण्या
कोनाडा, तुमच्याकडे न बिघडलेलं यंत्र आहे का एखादं?

कोनाडा
झाडू.

पोटमाळा
स्वागत आहे.

उंबरा
(तीन आठवड्यांनंतर) घेतला! सविस्तर लिहितो.

कोनाड्यांचं ऐकून पाच यंत्रं उलटी करून बघितली. विक्रेता आधी हसला, मग त्यालाच एका तोंडाखाली फटी नाहीत हे पहिल्यांदा दिसलं. खिशातून मिठाची पुडी काढून नमुन्याच्या टाइलवर टाकली तेव्हा मात्र हसला नाही. ताठ ब्रशवाल्या दोघांनी मीठ उडवलं. एकाने फक्त तोंडाच्या पुढे ढीग जमवला. शेवटी बिनवायरचा, मऊ रोलरचा, बॅटरी काढता येणारा घेतला. वॉटचा आकडा तिथल्या सगळ्यांत कमी होता. हवा वर सोडतो, टाचणीताई. हात धरून बघितलं.

केसांचा प्रश्न सुटला. पहिल्या दिवशी डब्यात जे निघालं त्याचं दुसरं मांजर झालं असतं. मांजर स्वतः कपाटावर बसून बघत होतं, अजून उतरायला तयार नसतं.

सांधे: गवंडीकाकांच्या पद्धतीने स्वयंपाकघरातला एक सांधा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दीड तास गुडघ्यांवर बसून साफ केला. पांढराशुभ्र निघाला. पस्तावलो. आता बाकीचे सगळे त्याच्याशेजारी दुप्पट मळके दिसतात आणि घरच्यांनी मोजून सांगितलंय की अजून एक्केचाळीस आहेत.

जुना_गवंडी
रोज एक करा. सीलर मात्र सगळे झाल्यावर एकदमच मारा.

पोटमाळा
जुना झाडू टाकून देऊ नका.

उंबरा
नाही दिला. चार्जिंग संपलं की तोच.

नवखी_पाहुणी
धागा आज सापडला, खूप उपयोगी. मलाही हाच प्रश्न होता, फक्त आमच्याकडे टाइल्स नाहीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे. तर वरचं सगळं चालेल ना?

ढापण्या
मिस्त्रीदादा, या हो, पहिल्यापासून.